एसीचा पॅनल गाडीमालकाचा की कंपनीचा?

राजेहो, एक सरळ प्रश्न विचारतो. गाडी तुम्ही घेतली. हप्ते तुम्ही फेडले. रोड टॅक्स तुम्ही भरला, विमा दरवर्षी तुम्हीच भरता. आरसीवर नाव तुमचं. मग त्याच गाडीच्या डॅशबोर्डमधला वीतभर रुंदीचा एसीचा पॅनल बिघडला, तर तो कुठून आणायचा, कोणाकडून बसवून घ्यायचा आणि त्याचे किती पैसे मोजायचे, हे ठरवणारी कंपनी कोण?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्याच्या दारात गाडी आहे, किंवा ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याने शेवटपर्यंत वाचावी.

"एसीचं काय घेऊन बसलात, देशात एवढे प्रश्न आहेत" असं म्हणणारे येतीलच. त्यांना पहिलं उत्तर देतो. आपण अकोल्यात राहतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जाणं ही बातमी नसते, सवय असते. अकोल्याहून नागपूरला पेशंट न्यायचा म्हटलं तर अडीचशे किलोमीटर. डायलिसिसचा, हार्टचा, बाळंतपणाचा पेशंट मागच्या सीटवर, भर दुपारी, काचा खाली आणि बाहेरून भट्टीची हवा. अशा वेळी एसी ही चैन राहत नाही.

दुसरं. एसीचा पॅनल फक्त गारव्यासाठी नसतो. पावसाळ्यात परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढलाय कधी? बाहेर पाऊस, आत चार माणसांचा श्वास, आणि समोरची काच दोन मिनिटांत दुधासारखी पांढरी. ती काच साफ कोण करतो? एसी आणि ब्लोअर. एसी हवेतला ओलावा काढतो, आतला फ्लॅप ती कोरडी हवा काचेवर वळवतो. हे सगळं ज्या बटणावरून होतं ते बटण त्याच पॅनलवर. पॅनल मेला की ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसतो. घाटात. म्हणून हा आरामाचा नाही, सुरक्षेचा भाग आहे. कंपन्यासुद्धा माहितीपुस्तिकेत काचेवरचं धुकं काढायला हेच बटण दाबा म्हणतात.

तिसरं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. चांगला निर्णय आहे, मनापासून स्वागत. तापलेल्या इंजिनावर बसून चौदा-चौदा तास गाडी हाकणाऱ्या माणसाला गारवा मिळालाच पाहिजे. पण मला सांगा, तो एसी तीन-चार वर्षांनी बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? महामार्गावर, मूर्तिजापूर आणि बाळापूरच्या मधे, रात्री अकरा वाजता? केबिनला एसी लावा असा नियम करणाऱ्यांनी, तो एसी दुरुस्त करता येईल असाही नियम करायला नको होता का?

आता मुळात हे काम केवढं आहे ते बघू. कारण सगळा धंदा आपल्या अज्ञानावर चालतो.

गाडीतल्या एसीचे दोन भाग समजा. एक भाग बॉनेटखाली: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅसच्या नळ्या. दुसरा डॅशबोर्डच्या आत: कूलिंग कॉइल, ब्लोअर, आणि हवा गरम-थंड, वर-खाली वळवणारे प्लास्टिकचे फ्लॅप. आपण हाताळतो तो पॅनल म्हणजे या दोघांना हुकूम सोडणारा. जुन्या गाडीत तो हुकूम केबलने जायचा. नॉब फिरवला की पाठीमागची तार ओढली जायची आणि फ्लॅप हलायचा. आता बऱ्याच गाड्यांत तो वायरने जातो. फ्लॅपला छोटी मोटर असते, आणि ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत बाहेरचं तापमान, आतलं तापमान, ऊन, कॉइलचा थंडपणा मोजणारे सेन्सर असतात. पॅनलमधलं सर्किट सगळं वाचून ठरवतं की ब्लोअर किती फिरवायचा आणि फ्लॅप कुठे न्यायचा.

हा पॅनल बदलताना गॅसला हात लागत नाही. पुन्हा वाचा. पॅनल काढताना एसीचा गॅस सोडावा लागत नाही, भरावाही लागत नाही. ज्यांच्या बिलात पॅनल बदलण्याबरोबर "गॅस चार्जिंग" लागलंय त्यांनी ते बिल शोधून काढा आणि विचारा, का म्हणून.

काम असं असतं. चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते, तिच्या सर्किटमधली साठलेली वीज उतरली पाहिजे. नेमका वेळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मग पॅनलभोवतीची प्लास्टिकची चौकट उचलायची. ती क्लिपांवर बसलेली असते. स्क्रूड्रायव्हरने नाही, प्लास्टिकच्या पट्टीने, नाहीतर डॅशबोर्डवर ओरखडे आणि क्लिपा तुटलेल्या. काही गाड्यांत आधी म्युझिक सिस्टीम बाहेर काढावी लागते. आत सहसा दोन-चार स्क्रू. ते काढले की युनिट पुढे येतं. मागचे कपलर लॉक दाबून सोडवायचे, वायर धरून ओढायचे नाहीत. केबलवाली गाडी असेल तर तार कुठल्या खाचेत होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढायचा. नवं युनिट लावायचं आणि उलट्या क्रमाने सगळं बसवायचं. हात बसलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला साध्या गाडीत तासभरही लागत नाही.

आणि कित्येकदा पॅनल बदलायचीही गरज नसते. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो, बाकीच्यावर नाही? साध्या नॉबच्या गाडीत हे बहुतेक वेळा रेझिस्टर जळाल्याचं लक्षण. तो वेगळा आणि स्वस्त भाग आहे, पॅनलशी संबंध नाही. तापमान बदललं की डॅशबोर्डच्या आतून टक-टक-टक आवाज येतो? फ्लॅपच्या मोटरचा प्लास्टिकचा दात तुटला असण्याची शक्यता जास्त. बटणाचा दिवा गेला, नॉब फिरवल्यावर आकडा उड्या मारतो, गाडी तापली की पॅनल बंद आणि गार झाली की चालू? आतला जोड सुटला असेल, धूळ बसली असेल, चहा सांडला असेल. यातलं बरंच काही सोल्डरिंग गनने आणि साफसफाईने सुटतं.

मग सुटत का नाही? मी स्वतःचा अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच.

माझी गाडी नऊ वर्षांची. पॅनल मधेच बंद पडायला लागला. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. पोरगा स्कॅनर लावून पाच मिनिटांत परत आला. "सर, युनिट फेल आहे. पूर्ण बदलावं लागेल." अंदाजपत्रक हातात: पॅनल १६ हजार ४००, मजुरी १ हजार ८००, प्रोग्रॅमिंग २ हजार २००. एकूण २० हजार ४००. मी म्हटलं, उघडून तरी बघा, काय गेलंय आत. म्हणे, "आमच्याकडे रिपेअर होत नाही सर, रिप्लेसच होतं." फॉल्ट कोड काय आला तो लिहून द्या म्हटलं. म्हणे, "ते सिस्टीममध्ये असतं, कस्टमरला देता येत नाही."

आता याचा अर्थ नीट लावा. डॉक्टर रक्त तपासतो, रिपोर्ट दाखवत नाही, आणि म्हणतो किडनी बदला.

मी नागपूरच्या भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा, अपघातातल्या गाडीतून निघालेला पॅनल ३ हजार ५०० ला आणला, पावतीसह. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो अर्ध्या तासात बसवला. दिवे लागले, ब्लोअर फिरला, पण हवा गरमच. का? कारण या पॅनलला ही गाडी कुठल्या व्हेरिएंटची, फ्लॅपची हद्द कुठून कुठपर्यंत, हे एकदा सांगावं लागतं. त्याला ते कोडिंग म्हणतात. काही गाड्यांत दोन बटणं एकदम दाबून हे होतं. माझ्या गाडीत कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. म्हटलं, कोडिंगचे तुमचे २ हजार २०० घ्या, वर दोनशे चहाला घ्या, पण करून द्या. उत्तर आलं, "पार्ट आमच्याकडून घेतला असेल तरच."

हाच तो मुद्दा, राजेहो. बाकी सगळं सोडून द्या, हे एक वाक्य लक्षात ठेवा. "पार्ट आमच्याकडून घेतला असेल तरच."

काम त्यांना येतं. यंत्र त्यांच्याकडे आहे. पैसे मी देतोय. पार्ट त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. तरी नाही. का? कारण कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात आहे आणि ती किल्ली म्हणजेच धंदा आहे.

शेवटी माझा जुनाच पॅनल टीव्ही-मॉनिटर दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने उघडला. वीजपुरवठ्याच्या पिनचा सोल्डर तडकला होता. त्याने सहाशे रुपये घेतले. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, तोच पॅनल चालू आहे. २० हजार ४०० आणि ६०० मधला फरक मला परवडला असता, रडत का होईना. आमच्या गल्लीतल्या टूरिस्ट गाडीवाल्याला परवडत नाही. त्याला हेच उत्तर मिळालं तेव्हा त्याने एक सीझन एसीशिवाय काढला. गिऱ्हाईक गाडीत बसून बघायचं आणि उतरून जायचं. त्याचा मे महिना गेला म्हणजे त्याच्या मुलांची जूनची फी गेली.

आता कायद्याकडे येऊ. कारण लोकांना वाटतं की यावर काही नियमच नाही. आहे. आणि तो वाचला की जास्त राग येतो.

२०११ साली शमशेर कटारिया नावाच्या एका नागरिकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुरुवातीला तीन कार कंपन्यांविरुद्ध. तक्रार हीच: सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, दुरुस्तीची माहिती आणि स्कॅनर बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, म्हणून ग्राहकाला अधिकृत डीलरशिवाय वाटच राहत नाही. आयोगाने चौकशी वाढवली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश आला. दंड २,५४४ कोटींच्या वर. देशातली जवळपास सगळी मोठी नावं त्या यादीत होती.

आयोगाने काय म्हटलं ते मराठीत सांगतो. गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्या असतात, पण गाडी घेतल्यावर तिच्या सुट्या भागांसाठी एकच कंपनी उरते. म्हणजे त्या बाजारात प्रत्येक कंपनी आपापल्या गाडीपुरती मक्तेदार. आणि ती मक्तेदारी वापरून बाहेरच्या गॅरेजवाल्याला बाजारातून हाकलणं हा स्पर्धा कायद्याचा भंग. आयोगाने सांगितलं, सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना ते खुल्या बाजारात विकू द्या. स्वतंत्र गॅरेजला भाग आणि स्कॅनर मिळू द्या. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. कंपन्यांनी बौद्धिक संपदेची ढाल पुढे केली होती, तीही आयोगाला पटली नाही.

मग? मग काय, अपील. काही कंपन्या अपिलीय न्यायाधिकरणात, काही उच्च न्यायालयात. न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या अपिलावर निकाल दिला. दंड कमी केला, पण कंपन्यांची वागणूक स्पर्धाविरोधी आहे हा मूळ निष्कर्ष कायम ठेवला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. २०११ ची तक्रार. तेव्हा जन्मलेलं पोर कॉलेजच्या उंबरठ्यावर येईल, आणि आपल्याला अजून काउंटरवर ऐकावं लागतं, "पार्ट आमच्याकडून घेतला असेल तरच."

सरकारनेही काहीच केलं नाही असं नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं घेतली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. कंपन्या तिथे सर्व्हिस सेंटर, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती टाकतात. ठीक आहे. पण पोर्टल म्हणजे फलक. फलकावर लिहिलेल्या हक्काला दात नसतात. अमुक माहिती दिली नाही तर अमुक दंड, अमुक दिवसांत भाग मिळाला नाही तर अमुक भरपाई, असं कायद्यात लिहिलेलं असेल तरच काउंटरवरचा पोरगा ऐकेल. त्या बिचाऱ्याचाही दोष नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं असतं.

बाहेर काय चाललंय बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली यावर जनमत घेतलं गेलं. दर शंभरात ८५ च्या आसपास लोकांनी दुरुस्तीच्या हक्काला मत दिलं. पुढे गाड्या स्वतःच कंपनीला वायरलेसने माहिती पाठवायला लागल्या तेव्हा तिथे २०२० मध्ये पुन्हा मतदान झालं, पुन्हा लोक जिंकले. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या, तो त्यांचा स्वभाव आहे. युरोपमध्ये २००७ च्या नियमापासून स्वतंत्र गॅरेजला अधिकृत डीलरच्या बरोबरीने दुरुस्तीची माहिती द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून तशीच योजना लागू आहे. यातल्या कित्येक कंपन्या आपल्याकडेही गाड्या विकतात. तिकडच्या मेकॅनिकला जी माहिती पैसे भरून मिळते, ती आमच्या अकोल्याच्या मेकॅनिकला का नाही? त्याचा पैसा खोटा आहे का?

आता कंपन्यांच्या बाजूने जे बोललं जातं ते एकेक घेऊ. सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही.

एक: "सुरक्षा." डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आहे, अडाणी माणसाने हात घातला तर धोका आहे. बरोबर आहे. म्हणूनच तर माहिती द्या म्हणतोय! बॅटरी काढून किती मिनिटं थांबायचं हे ज्याला सांगितलं नाही तो जास्त धोकादायक की ज्याला सांगितलं तो? माहिती दडवल्याने गॅरेज बंद पडत नाही, फक्त तिथलं काम अंदाजाने चालतं. इलेक्ट्रिक गाड्यांचं मात्र मी मान्य करतो. तिथे एसीचा कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीच्या वीजदाबावर चालतो, नारिंगी केबल दिसली की प्रशिक्षण नसलेल्याने हात लावूच नये. पण त्याचं उत्तर प्रशिक्षण आणि परवाना आहे, मक्तेदारी नाही.

दोन: "चोरी." कोडिंग खुलं केलं तर चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जातील. या मुद्द्यात दम आहे. पण ऑस्ट्रेलियाने काय केलं? चोरीशी संबंधित माहिती पाहिजे असेल तर त्या मेकॅनिकची पार्श्वभूमी तपासून, नोंद ठेवून देतात. आणि इंजिनच्या इमोबिलायझरचं कुलूप मी समजू शकतो. एसीच्या पॅनलला कुलूप कशाला? एसीचा पॅनल चोरून कोणी गाडी पळवली आहे का आजवर?

तीन: "डुप्लिकेट माल." बाजारात बनावट पार्ट आहेत, खरंय. पण बनावट माल कुठे फोफावतो? जिथे खरा माल मिळत नाही किंवा परवडत नाही तिथे. खरा पॅनल रास्त किमतीत काउंटरवर ठेवा, बनावटवाल्याचं दुकान आपोआप बसेल.

चार: "आम्ही संशोधनावर खर्च केला." केला ना, मान्य. तो गाडीच्या किमतीत आम्ही दिला. सॉफ्टवेअर फुकट द्या असं कोणीच म्हणत नाही. रास्त फी लावा, वर्षाची वर्गणी लावा, पण विकत तरी द्या.

आणि आता आपल्या लोकांनाही चार शब्द. नाहीतर म्हणाल हा फक्त कंपन्यांवर ओरडतो.

आपल्या गॅरेजवाल्यांनो, तुमची बाजू घेऊन मी भांडतोय, पण तुम्ही मला तोंडघशी पाडू नका. कपलर मिळाला नाही म्हणून वायर कापून थेट जोडायची आणि वर टेप गुंडाळायची, हे बंद करा. असल्याच जोडातून आग लागते आणि मग कंपनीवाला तो फोटो सगळ्यांना दाखवतो. बिल द्या. साध्या वहीवर का होईना, तारीख, गाडी नंबर, काय बदललं, किती घेतले, लिहून द्या. बिल नसलेल्या कामाची ग्राहक आयोगात किंमत शून्य. आणि शिका. मल्टिमीटर न लावता "गॅस कमी आहे" म्हणणारा मेकॅनिक आणि उघडून न बघता "युनिट फेल" म्हणणारा सर्व्हिस सेंटरवाला, दोघं एकाच माळेचे मणी.

आयटीआयकडे सरकारचं लक्ष आहे का? मोटर मेकॅनिक ट्रेडमधून दरवर्षी आपली पोरं बाहेर पडतात. त्यांना शिकायला गाड्या कुठल्या वर्षीच्या आहेत, स्कॅनर किती आहेत, आणि त्या स्कॅनरमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं का, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी एकदा जाऊन बघावं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणला गाड्या बनतात म्हणून आपण देशभर मिरवतो. त्याच महाराष्ट्रातल्या पोराला त्या गाडीचा एसी पॅनल कोड करता येऊ नये, याची लाज कोणाला वाटायला पाहिजे?

पुढचं संकट तर दारात उभं आहे. नव्या गाड्यांत नॉब आणि बटणं जाऊन सगळं एका टचस्क्रीनमध्ये चाललंय. एसीही तिथेच, म्युझिकही तिथेच, रिव्हर्स कॅमेराही तिथेच. दिसायला झकास. पण स्क्रीन गेली की सगळंच गेलं, आणि ती स्क्रीन बाहेर कोणाला उघडताही येत नाही. आज पॅनलसाठी भांडलो नाही तर उद्या स्क्रीनसाठी भांडायला जागाच उरणार नाही. गाडी इंजिनने उत्तम आणि स्क्रीनपायी भंगारात, हे दिवस लांब नाहीत.

तर मागण्या साध्या आहेत.

१. दुरुस्तीचा हक्क कायद्यात आणा. पोर्टल पुरे झालं.

२. गाडीचं उत्पादन थांबल्यावर किमान दहा वर्षं सुटे भाग मिळालेच पाहिजेत, आणि प्रत्येक भागाची किंमत कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसली पाहिजे.

३. स्कॅनर, सर्किटची चित्रं आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर रास्त फी घेऊन कुठल्याही नोंदणीकृत गॅरेजला द्या. चोरीशी संबंधित भाग वेगळा ठेवा, त्याला तपासणी लावा.

४. ग्राहकाने रीतसर पावतीसह आणलेला मूळ कंपनीचा पार्ट, जुना असो की नवा, ठरलेली फी घेऊन कोड करून देणं अधिकृत सेंटरला बंधनकारक करा.

५. तपासणीत आलेला फॉल्ट कोड ग्राहकाला लेखी द्या. तपासणीचे पैसे मी दिले तर रिपोर्टही माझा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं?

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर अंदाजपत्रक लेखी मागा, पार्ट, मजुरी, प्रोग्रॅमिंग वेगवेगळं लिहिलेलं. काम सुरू व्हायच्या आधी सांगा की जुना पार्ट मला परत पाहिजे. तो तुमचा आहे, त्यांचा नाही. "पार्ट आमच्याकडून घेतला तरच" असं म्हणाले तर म्हणा, हे ईमेलवर लिहून द्या. लिहून द्यायची वेळ आली की भलेभले मवाळ होतात. तरीही अडवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथूनही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. एकट्याची तक्रार फाइलमध्ये पडते. शंभर जणांनी एकाच प्रकारची तक्रार केली की ती प्रथा म्हणून पुढे येते, आणि प्रथेवरच कायदा होतो. कटारियांची तक्रारही एकट्याचीच होती, पण तिच्यातून १४ कंपन्यांची चौकशी निघाली.

आमदार-खासदार आपल्या गावात येतात ते एसी गाडीतून. पुढच्या वेळी भेटले की हार घालायच्या आधी एवढंच विचारा: साहेब, तुमच्या गाडीचा एसी बिघडला तर बिल कोण भरतं? आणि आमच्या टूरिस्ट गाडीवाल्याचा बिघडला तर?

ज्यांना असाच अनुभव आला असेल त्यांनी गाडीचं मॉडेल, किती वर्षं जुनी, काय बिघडलं, किती अंदाजपत्रक दिलं आणि बाहेर किती लागले, एवढ्या पाच गोष्टी खाली लिहा. अंदाजपत्रकाचा कागद असेल तर स्वतःचं नाव-नंबर झाकून फोटो टाका. उन्हाळ्याच्या आत जेवढं जमेल तेवढं एकत्र करून मी हेल्पलाइनला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना पाठवणार आहे. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनीही लिहा, सर्व्हिस सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहा. तुमची बाजू ऐकायची आहे, फक्त "पॉलिसी आहे" एवढंच सांगू नका. ती पॉलिसी कोणाच्या भल्याची, हाच तर प्रश्न आहे.